बहुभाषिक उपासना, त्यात सांकेतिक भाषा: अनुभव आणि सल्ला हवा आहे

सायंतारा

मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि आम्हा काही जणींना आमंत्रण आहे. त्यांच्या मंडळीत त्या रविवारी बहुभाषिक उपासना असते. वाचनं आणि गाणी तीन भाषांत, शिवाय सगळं सांकेतिक भाषेतही, कारण बाळाचे आजी-आजोबा दोघेही कर्णबधिर आहेत आणि त्यांच्यासारखी आणखीही माणसं तिथे नेहमी येतात.

मी ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये गेलेय ती लग्नांपुरती. त्यामुळे साधे साधे प्रश्न पडलेत. बसायचं कुठे? पाळक बोलत असताना त्यांच्याकडे बघायचं की हातवारे करणाऱ्या दुभाष्याकडे? एकटक बघणं वाईट दिसतं का?

आता जरा मतही देऊन ठेवते. एकाच उपासनेत इतक्या भाषा कोंबल्या की कुणालाच धड काही मिळत नसणार असं मला वाटतं. ज्याच्या त्याच्या भाषेत वेगवेगळी उपासना ठेवली तर काय बिघडलं? हे बाहेरून बघणाऱ्या बाईचं मत आहे. चुकत असेन तर जाणकारांनी कान उपटावेत.

खटपट्या

विषय कुठला आणि वाक्प्रचार कुठला, ताई! :)

बाकी प्रवचन तीन भाषांत असेल तर पोटभर खाऊन निघा.

पाळकांची_नात

खटपट्या, दरवेळी तसं होत नाही. दोन पद्धती असतात. एकीत वक्ता एक वाक्य बोलून थांबतो आणि शेजारी उभा असलेला दुभाषी ते दुसऱ्या भाषेत सांगतो. यात वेळ दुप्पट जातो, आणि तिसरी भाषा आली की आपण काय म्हणत होतो हे वक्त्यालाच आठवेनासं होतं. दुसरीत वक्ता बोलत राहतो, दुभाषी मागे बसून माइकमध्ये हळू आवाजात बोलतो आणि ज्यांना हवं ते इअरफोनवर ऐकतात. सांकेतिक भाषेची कुठल्याच आवाजाशी टक्कर होत नाही, म्हणून तो दुभाषी सरळ पुढे उभा राहून वक्त्याच्या बरोबरीनं सांगू शकतो. म्हणजे सायंतारा, ज्या भाषेची तुम्हाला अडचण वाटतेय तीच सगळ्यात कमी वेळ खाते.

वाचनं सहसा वाटून घेतात. जुना करार एका भाषेत, स्तोत्र दुसऱ्या, शुभवर्तमान तिसऱ्या. उरलेल्यांसाठी मजकूर उपासनेच्या पत्रिकेत छापलेला किंवा पडद्यावर. गाण्यांची चाल एकच, शब्द ज्याचे त्याचे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सगळे एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणतात. कागदावर हा गोंधळ वाटतो, पण प्रत्येकाला ती पाठ असते आणि सगळे जवळपास एकदमच थांबतात.

पेंटेकॉस्टच्या (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या) रविवारी अशा उपासना मुद्दाम ठेवतात. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढून बघा. यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांनी शिष्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकलं, ती गोष्ट. तिथे प्रत्येकासाठी वेगळी खोली काढलेली नव्हती!

निःशब्द_नाही

मी जन्मापासून कर्णबधिर आहे. अशा उपासनांना जाते, म्हणून धागा बघून थांबले.

सायंतारा, तुमचं मत पूर्ण चुकीचं नाही. 'आमच्याकडे सांकेतिक भाषा आहे' असं पत्रिकेत लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दुभाषीबाई खांबाच्या आड उभ्या असतात. किंवा मोठ्या खिडकीसमोर. मागून ऊन आलं की त्यांची नुसती काळी आकृती दिसते, बोटं आणि चेहरा काहीच नाही. आमच्या भाषेत निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. प्रश्न आहे की विधान, हे भुवयांवरून कळतं. चेहरा गेला की वाक्य गेलं.

मग ते 'डोळे मिटून प्रार्थना करू या'. अख्खी मंडळी डोळे मिटते. दुभाषीबाई माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. मी डोळे मिटले तर माझ्यापुरती प्रार्थना तिथेच संपली.

नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना तर विचारूच नका. दिवे घालवतात, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. सगळ्यांना फार सुंदर वाटतं. मला दुभाषी दिसत नाही, आणि हातात मेणबत्ती म्हणजे माझ्या तोंडात बोळा. एका ठिकाणी मी लिहून कळवलं की दुभाष्यावर एक छोटा दिवा राहू द्या. उत्तर आलं, वातावरण बिघडेल. ज्या मंडळीत आता जाते तिथे दिवा असतो आणि वातावरण ठीक असतं.

टिवल्याबावल्या

मेणबत्तीचा मुद्दा कधीच डोक्यात आला नव्हता. वाचनखूण साठवली.

गणिताचे_मास्तर

एक प्रामाणिक शंका. हल्ली फोनसुद्धा बोललेलं लिहून दाखवतो. मोठ्या पडद्यावर सगळं प्रवचन लिहून आलं तर ऐकू न येणाऱ्यांची सोय झालीच की. दुभाषी शोधा, त्याला उभं करा, दिवा लावा, एवढा खटाटोप कशासाठी? आणि सांकेतिक भाषा तर जगभर एकच असते, मग बहुभाषिक उपासनेत तीच एक सगळ्यांसाठी वापरली तरी चालेल.

इतिहासवेडा

मास्तर, एका प्रतिसादात दोन विकेटी टाकल्यात.

सांकेतिक भाषा जगभर एक नाही. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बहिऱ्या माणसांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. ब्रिटनमध्ये मुळाक्षरं दोन हातांनी करतात, अमेरिकेत एका हातानं. अमेरिकी खुणांचं जवळचं नातं फ्रेंच खुणांशी आहे, कारण १८१७ साली हार्टफर्डला जी शाळा निघाली तिथे शिकवायला पॅरिसहून लॉराँ क्लेर हा बहिरा शिक्षक आला होता. त्याला आणणारा थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट धर्मोपदेशक होता. तेव्हा चर्चचा संबंध इथेच सुरू होतो.

त्याही आधी पॅरिसात आबे द लेपे. हे पाद्री १७६०च्या सुमारास दोन बहिऱ्या बहिणींना शिकवायला लागले. काळजी ही की धर्मशिक्षणाविना यांच्या आत्म्याचं काय होणार. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की पॅरिसच्या बहिऱ्या माणसांकडे आपापसात बोलायची साधनं आधीपासून आहेत. त्यावर त्यांनी शाळा उभी केली. आणखी मागे गेलात तर सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेऑन हा बेनेडिक्टाइन मठवासी सरदारांच्या बहिऱ्या मुलांना शिकवत होता. मठात मौनाचे नियम, त्यामुळे हातांच्या खुणा तिथल्या रोजच्या वापरातल्याच.

निःशब्द_नाही

मास्तर, पडद्याच्या मुद्द्याचं उत्तर मी देते. पडदा मलाही आवडतो. पण माझी पहिली भाषा खुणांची आहे, लिहिलेली भाषा मी नंतर शाळेत शिकले. तुम्हाला रोज परक्या भाषेत प्रार्थना करायला सांगितली तर समजेल, पण मनाला लागेल का? पडदा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो उतारवयात ऐकू यायचं कमी झालेल्यांना. ते आयुष्यभर बोलत-वाचत आलेले असतात. त्यांच्यातल्या श्रवणयंत्रवाल्यांसाठी लूपची तारही घालतात, म्हणजे माइकचा आवाज सरळ यंत्रात येतो. माणसं वेगळी, गरजा वेगळ्या. एकाची सोय केली की दुसऱ्याची झाली असं नाही.

आणि यंत्रानं लिहिलेल्या ओळी! पाळक बायबलमधली नावं घ्यायला लागले की पडद्यावर काय काय उमटतं ते एकदा बघा.

खटपट्या

नावांवरून शंका. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ सांकेतिक भाषेत कशी करतात? अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला...

दोन्ही_हात

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे, त्यामुळे खटपट्यांचा प्रश्न जिव्हारी लागला. अब्राहाम, मोशे, दावीद, मरिया यांच्या ठरलेल्या खुणा असतात. पण जरुब्बाबेलची खूण कुठून आणू? एकेक अक्षर बोटांनी. वाचणारा वाऱ्यावर स्वार असतो आणि मी अजून शल्तिएलच्या मध्यावर. म्हणून आता पत्रिका आदल्या आठवड्यात मागून घेते आणि वंशावळ असेल तर सहकारी दुभाषीला आधीच सांगते की ती पाळी तुझी. :)

सहकारी म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं चर्चनं उगाच दोन माणसं आणलीत. एक जण सांगत असतो, दुसरा पहिल्या बाकावर बसून डोळ्यांनी साथ देतो आणि वीसेक मिनिटांनी अदलाबदल होते. हात दुखतात हे खरं, पण आधी डोकं दमतं आणि मग वाक्यं गळायला लागतात.

बहुभाषिक उपासनेत माझी खरी अडचण वेगळीच आहे. तीनपैकी दोन भाषा मला येतात. छापलेलं सगळं आधी मिळालं तर तिसरीतलंही निभावतं. पण मध्येच एखादे काका उठतात आणि त्या तिसऱ्या भाषेत मनापासून लांबलचक प्रार्थना करतात, कागदावर एक शब्द नसलेली. माझे हात थांबतात. पुढे बसलेले माझ्याकडे बघतायत आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. मग कुणीतरी माझ्या कानात मला येणाऱ्या भाषेत सांगतो आणि मी ते हातांत उतरवते. दोन पायऱ्यांत उशीर होतो. काकांचं आमेन झालेलं असतं, आमची प्रार्थना अजून चालू.

पाळक लोक विनोद करतात तेव्हा तर बघायला हवं. ज्यांना मूळ भाषा कळते ते आधी हसतात, मग इअरफोनवाले, मग माझ्यासमोरचे. आणि कधी कधी आमचे लोक सगळ्यात आधी हसतात, कारण विनोद कुठे चाललाय ते मी चेहऱ्यावरूनच फोडलेलं असतं.

पाळकांची_नात

काकांच्या प्रार्थनेवरून पौलाचा करिंथकरांना लिहिलेला सल्ला आठवला. पहिलं पत्र, चौदावा अध्याय. मंडळीत कुणी अन्य भाषेत बोलणार असेल तर अर्थ सांगणारा हवा, आणि तो नसेल तर बोलणाऱ्यानं गप्प बसावं, देवाशी मनात बोलावं. तिथला संदर्भ वेगळा आहे हे मान्य. पण आमच्या काकांना हा अध्याय नेमका कधी दाखवावा या विचारात आहे.

गणिताचे_मास्तर

विकेटी गेल्या हे मान्य, तरी फलंदाजी चालू ठेवतो. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे असं तुम्ही म्हणता. मग आमच्या पिढीला ती 'नुसते हावभाव' म्हणून का शिकवली गेली?

इतिहासवेडा

त्याचं उत्तर १८८० साली मिलानमध्ये आहे. बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ठराव झाला की मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवायचं, खुणा नकोत. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांतून खुणा गेल्या, मुलांचे हात बांधण्यापर्यंत मजल गेली. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास छापला आणि भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे भाषा म्हणून बघायला लागले. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या पुढच्या आवृत्तीनं जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. म्हणजे मास्तर, तुम्हाला शाळेत चुकीचं शिकवलं गेलं यात तुमचा दोष नाही, मिलानचा आहे.

गंमत म्हणजे त्या मधल्या काळात चर्च ही खुणा टिकून राहिलेल्या जागांपैकी एक होती. शाळेत बंदी, पण रविवारी बहिऱ्यांच्या मंडळीत पाळक खुणांनी प्रवचन देतोय असं चालायचं. न्यूयॉर्कमध्ये बहिऱ्यांसाठीचं सेंट अ‍ॅन्स चर्च १८५२ सालचं आहे. ते काढणारा पाद्री म्हणजे वर आलेल्या गॅलॉडेटचाच मुलगा, त्याची आई बहिरी होती.

अर्धविराम

चर्चचं एवढं कौतुक नको. 'विश्वास ऐकण्यानं येतो' हे रोमकरांस पत्रातलं वाक्य दाखवून बहिऱ्यांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं गेलं. ऑगस्टीन या जुन्या काळच्या मोठ्या धर्मपंडितानं तर सरळ म्हटलंय की बहिऱ्याला विश्वास मिळूच शकत नाही.

इतिहासवेडा

अर्धविराम, त्या वचनाचा वापर तसा झाला हे खरं. ऑगस्टीनच्या बाबतीत थोडं थांबा. जन्मतः बहिरेपणा विश्वासाच्या आड येतो अशा अर्थाचं त्याचं वाक्य सतत उद्धृत होतं, पण त्याच ऑगस्टीननं दुसरीकडे बहिरी माणसं हावभावांनी व्यवस्थित संवाद करतात, विचारतात, उत्तरं देतात, हे लिहून ठेवलंय. एक वाक्य उचलून माणूस निकालात काढायचा हा प्रकार आपल्याला इथे नवीन नाही.

लूकच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या मंदिरातून बाहेर येतो आणि लोकांशी खुणांनी बोलतो. पुढे बाळाचं नाव काय ठेवायचं हे विचारायला लोकच त्याला खुणा करतात. नामकरणाचा प्रसंग आणि सगळे खुणा करतायत! सायंतारा, तुमच्या आमंत्रणाशी हे चांगलंच जुळतंय.

निःशब्द_नाही

बायबलमधला आमच्याशी जास्त जोडला गेलेला उतारा मार्क ७ मधला आहे. येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला हात लावतो, वर बघतो आणि 'इफ्फाथा' म्हणतो, म्हणजे मोकळा हो. मला त्यात काय आवडतं ते सांगते. तो त्या माणसाला दिसेल अशा रीतीनं सगळं करतो. आधी बाजूला नेतो, तमाशा करत नाही.

याच उताऱ्यानं मला त्रासही दिलाय. नव्या चर्चमध्ये गेले की कुणी ना कुणी येऊन डोक्यावर हात ठेवतं आणि कान बरे व्हावेत म्हणून प्रार्थना सुरू करतं. विचारत नाहीत. मी उपासनेला आलेले असते, दुरुस्तीला नाही. सायंतारा, त्या बाळाच्या आजी-आजोबांना असं कुणी धरलेलं दिसलं तर मध्येच जाऊन मोठ्यानं अभिनंदन करा, सुटका होते.

सायंतारा

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं 'वेगवेगळी उपासना ठेवा' हे मत जरा डळमळलंय, पण पडलेलं नाही. निःशब्द_नाही यांनी सांगितलेलं सगळं (खांब, मेणबत्ती, मिटलेले डोळे) बघता उलट असं वाटतं की त्यांची स्वतःची उपासना असेल तर हे प्रश्नच येणार नाहीत. की मी चुकतेय?

उंबरठ्यावरची

माझे आईवडील दोघेही बहिरे, मी ऐकणारी. त्यामुळे यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे.

लहानपणी आम्ही बहिऱ्यांच्याच मंडळीत जायचो. पाळक बहिरे, प्रवचन खुणांत, गाणी खुणांत. गाणं म्हणजे कुणा बोलक्या गाण्याचं रूपांतर नव्हे. सगळे एका लयीत हात हलवतायत, मोठा ढोल लाकडी जमिनीवर ठेवलेला आणि ठेका तळव्यांतून चढतोय. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून हलवायचे. येशूसाठी अनेक देशांत जी खूण करतात तीच तिथेही होती. एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या हाताच्या तळव्याला टेकवायचं, मग उलट. खिळ्यांच्या जागा. एका प्रवचनात ती खूण कितीदा येते याचा विचार करा. दर वेळी नाव घेताना जखमेवर बोट ठेवलं जातं.

तिथे आवाजी दुभाषी असायचा, आम्हा ऐकणाऱ्या मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी. म्हणजे अडचण आमची, सोय आमची. आईबाबा तिथे पूर्ण मोकळे असत. तेव्हा सायंतारा, वेगळ्या उपासनेची बाजू मला मनापासून कळते.

पण आजी वारली तेव्हा अंत्यविधी तिच्या चर्चमध्ये झाला, ऐकणाऱ्यांच्या. दुभाषी नव्हता. शाळेतली मी वडिलांच्या समोर उभी राहून त्यांच्याच आईच्या अंत्यविधीतलं प्रवचन हातांनी सांगत होते. मला रडायचं होतं, पण हात मोकळे ठेवायला लागत होते. बाप्तिस्मा, लग्न, मरण हे तर सगळ्या घराचं असतं, आणि घरात ऐकणारे-बहिरे दोन्ही असतात. रविवार वेगळा ठेवता येईल, घर कसं वेगळं ठेवणार? तुमच्या मैत्रिणीच्या बाळाचे आजी-आजोबा त्या दिवशी वेगळ्या उपासनेला बसले तर बाप्तिस्मा कुणी बघायचा?

दोन्ही_हात

उंबरठ्यावरची, तुम्हाला नमस्कार. घरच्या मुलांना दुभाषी करू नका हे मी प्रत्येक पाळकाला सांगते. आता तुमचा प्रतिसाद दाखवत जाईन, चालेल ना?

माझी स्वतःची परीक्षा सोपी आहे. त्या उपासनेत काहीतरी हातांकडून आवाजाकडे जातं का? म्हणजे एखादं वाचन किंवा प्रार्थना कुणी कर्णबधिर व्यक्ती पुढे येऊन खुणांत करते आणि मी माइकवर बोलते, असं होतं का? होत असेल तर ती बहुभाषिक उपासना. सगळी वाहतूक एकाच दिशेनं असेल तर ती एका भाषेची उपासना, बाकीच्यांना भाषांतर.

अर्धविराम

हे पटलं. माझा राग याच गोष्टीवर आहे. एका ठिकाणी पांढरे हातमोजे घातलेल्या ऐकणाऱ्या मुलींचा 'सांकेतिक गायनवृंद' बघितला होता. सभागृहात एकही बहिरा माणूस नाही. लोक डोळे पुसत होते. कुणासाठी होतं ते?

टिवल्याबावल्या

हातमोजे का पण?

दोन्ही_हात

छान दिसतात म्हणून. :( जाड मोज्यात बोटांचे बारकावे जातात. आम्ही उलट साधे, त्वचेपासून वेगळे उठून दिसतील अशा रंगाचे कपडे घालतो, नक्षी नाही, खळखळणाऱ्या बांगड्या नाहीत. त्या मुलींना खुणा शिकवणाऱ्यानं बहिऱ्या माणसाला कधी विचारलंच नसणार.

मंजिरी

अवांतर: कॅथलिक लोकांत पापनिवेदनाचं काय होतं? दुभाषी मध्ये बसला तर गुपित राहिलं कुठे?

उंबरठ्यावरची

मंजिरी, चर्चच्या कायद्यात दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला परवानगी आहे आणि दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन आहे. तरी बहुतेकांना खुणा येणारा पाद्रीच हवा असतो, आणि ते समजण्यासारखं आहे. मिस्सातल्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या) सांकेतिक भाषेला रोमची मान्यता १९६५ पासूनची आहे, म्हणजे बोलभाषांना लॅटिनशेजारी जागा मिळाली त्याच काळातली. खूप जुनी गोष्ट नाही.

बायबलचंही तसंच. संपूर्ण बायबल अमेरिकी सांकेतिक भाषेत व्हिडिओरूपात पुरं झालं ते २०२० मध्ये. बाकीच्या बहुतेक सांकेतिक भाषांत काही पुस्तकं किंवा निवडक गोष्टीच आहेत.

गणिताचे_मास्तर

म्हणजे जरुब्बाबेलही व्हिडिओत असणार. दोन्ही_हात, तुमची सोय झाली की!

माझा पडद्याचा मुद्दा अर्धा उभा आहे असं समजतो. लिहिलेलंही हवं आणि हातही हवेत. पण छोट्या मंडळीला दोन दुभाषी दर रविवारी कसे परवडणार, यावर कुणी बोललेलं नाही.

दोन्ही_हात

मास्तर, यावर गोड उत्तर माझ्याकडे नाही. बऱ्याच ठिकाणी दर रविवारी नसतातच. जवळपासच्या तीन-चार मंडळ्या मिळून महिन्यातून एक उपासना अशी करतात आणि खर्च वाटून घेतात. ते बरं पडतं. 'आमच्या मंडळीतली एक ताई थोडं शिकलीय, ती करेल फुकट' हे बरं पडत नाही. त्या ताईला स्वागत जमेल, घोषणा जमतील, प्रवचन नाही. आणि दुभाषी व्हिडिओवर दूर बसून सांगतो असाही मार्ग आहे, फक्त इंटरनेट मध्येच गोठलं तर हात हवेतच राहतात.

सायंतारा

मास्तरांनी खर्चाचं विचारलं ते बरं झालं. आणि उंबरठ्यावरची यांच्यानंतर मी माझं मत मागे घेते, निदान बाप्तिस्म्यापुरतं तरी. आता मूळ प्रश्नाकडे, कारण रविवार जवळ आलाय. बसू कुठे, बघू कुणाकडे?

निःशब्द_नाही

पुढच्या दोन-तीन ओळी, दुभाषी ज्या बाजूला असेल ती बाजू, आमच्यासाठी सोडा. तुम्ही त्यांच्या मागे बसा. फोटो काढायला मध्येच उभ्या राहू नका. इतरांसाठी ती पाच सेकंदांची अडचण असते, माझं त्या पाच सेकंदांतलं वाक्य जातं. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ सगळे गर्दी करतात, तिथे आजी-आजोबांना पाळकही दिसतील आणि दुभाषीही, एवढी मोकळी जागा राहते ना ते बघा. बाकी कुणाकडेही खुशाल बघा. बघण्यासाठीच तर भाषा आहे ती.

पाळकांची_नात

यात एक भर. प्रार्थनेच्या वेळी शेजाऱ्याचे हात धरायची पद्धत काही ठिकाणी आहे. शेजारी खुणा करणारी व्यक्ती असेल तर हात धरू नका, खांद्याला हलकं टेकलात तरी चालतं. आणि प्रभुभोजन (उपासनेत वाटतात ती भाकर आणि द्राक्षारस) घेतलंच पाहिजे असं नाही. ख्रिस्ती नसलात तर जागेवर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

सायंतारा

आजी-आजोबांना अभिनंदन कसं करू? खुणा येत नाहीत. मैत्रिणीला मध्ये घेऊ का?

उंबरठ्यावरची

तिला नका ओढू, त्या दिवशी तिच्याकडे बाळ असेल. समोरून जा म्हणजे तुम्ही त्यांना दिसाल. मागून हाक मारून उपयोग नाही, खांद्यावर हलका हात ठेवा. दोन्ही हात वर करून हलवलेत की अभिनंदन पोचलं. बोलायचं तर चेहऱ्याकडे बघून, नेहमीच्या वेगानं. मुद्दाम तोंड वेडंवाकडं करून सावकाश बोललात तर ओठ वाचणं अवघड होतं. दुभाषी शेजारी असेल तर 'त्यांना सांगा की...' असं त्याला म्हणू नका, सरळ आजींशी बोला. आणि अडलं तर फोनवर टाइप करा, कुणाला वाईट वाटत नाही.

निःशब्द_नाही

हो, फोन पूर्ण चार्ज करून न्या. उपासना संपली की ऐकणारे घरी जातात आणि आमच्या गप्पा सुरू होतात. तोवर दुभाषीही निघून गेलेले असतात. आजोबा बोलके असतील तर तुमची सुटका लवकर नाही!